खुर्ची सुटली, मैदान नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेलं)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तुझं कामानिमित्त अमेरिकेत जाणं-येणं असतं, तर तिकडचं काहीतरी सांग. फक्त सॉफ्टवेअरबद्दल नको." दुसरं वाक्य जरा जास्तच ठासून सांगितलं. म्हणून मी आज एका मास्तरांबद्दल बोलणार आहे. मास्तर अमेरिकन, आणि तेही खेळाचे. त्यांचं नाव एमॉस अलॉन्झो स्टॅग. जन्म १८६२, मृत्यू १९६५. म्हणजे १०२ वर्षं जगले आणि त्यातली ६०हून जास्त वर्षं मैदानावर मुलांना शिकवण्यात घालवली.

यांची गाठ मला कशी पडली ते आधी सांगते. कामासाठी मी काही काळ शिकागोत होते. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात हेन्री मूर या शिल्पकाराचं ब्राँझचं एक मोठं शिल्प आहे. एका बाजूने पाहिलं तर कवटी वाटते, दुसऱ्या बाजूने ढग. त्या जागी २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवून आणली. इंजिनिअर माणूस तिथे फर्मीसाठी जातो, तशीच मीही गेले. पण वाचताना एका गोष्टीवर अडकले. ही अणुभट्टी प्रयोगशाळेच्या इमारतीत नव्हती. ती होती एका फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षागॅलरीखाली, रॅकेटने खेळायच्या कोर्टात. मैदानाचं नाव स्टॅग फील्ड. मला प्रश्न पडला की एवढ्या मोठ्या विद्यापीठाचं मैदान असं ओस का पडलं होतं? आणि हे स्टॅग कोण?

आधी खेळाबद्दल दोन शब्द. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, नारळासारखा. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी धरून पाडायचं. रग्बीचा भाऊ म्हणा. आपल्या कबड्डीतली धरपकड आठवा, फक्त दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण एकाच वेळी एकमेकांच्या अंगावर येतात अशी कल्पना करा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ तिकडच्या कॉलेजांत घडत होता. नियम दर वर्षी बदलत होते आणि कोच ही नोकरी असते हेसुद्धा पुरतं ठरलेलं नव्हतं.

स्टॅग न्यू जर्सी राज्यातल्या वेस्ट ऑरेंजचे. वडील चांभारकाम करायचे. आठ भावंडांतले हे पाचवे. घरची गरिबी. धर्मोपदेशक व्हायचं म्हणून ते येल विद्यापीठात गेले. तिथे पोटमाळ्याच्या खोलीत राहून, अर्धपोटी शिकले. बेसबॉलमध्ये चेंडू टाकण्यात इतके तरबेज की व्यावसायिक संघांनी पैसे देऊ केले, पण ते त्यांनी नाकारले. फुटबॉलमध्ये १८८९ साली देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंचा जो पहिला संघ निवडला गेला, त्यात त्यांचं नाव होतं. मात्र एक अडचण झाली. धर्मोपदेशकाला प्रवचन द्यावं लागतं आणि लोकांसमोर उभं राहून बोलणं आपल्याला जमत नाही, असं त्यांना वाटायला लागलं. (वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी माझी काय अवस्था व्हायची ते बाईंना आठवत असेल. त्यामुळे हा माणूस मला लगेच आपला वाटला.) त्यांनी ठरवलं की जे आपल्याला व्यासपीठावरून सांगता येत नाही ते मैदानावर शिकवावं.

१८९० साली ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत शिकवायला गेले. तिथे त्यांच्या फुटबॉल संघात जेम्स नायस्मिथ नावाचे एक गृहस्थ होते. याच नायस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरात, हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावं म्हणून बास्केटबॉल शोधून काढला. मार्च १८९२मध्ये लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ असे जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गोल स्टॅग यांचा.

या स्प्रिंगफील्डचं आपल्या देशाशीही नातं आहे. तिथेच पुढे शिकलेले हॅरी क्रो बक भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासमध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं. कितीतरी क्रीडाशिक्षक तिथून तयार होऊन देशभर गेले. म्हणजे आपल्या पीटीच्या सरांच्या शिट्टीचं गोत्र शोधत गेलं, तर दूरचे पाहुणे म्हणून स्टॅग सापडायला हरकत नाही.

१८९२ साली शिकागो विद्यापीठ नव्याने सुरू होत होतं. त्याचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे येलमधले स्टॅग यांचे शिक्षक. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलं, २५०० डॉलर पगार दिला आणि सहयोगी प्राध्यापकाचा कायमचा हुद्दा दिला. खेळ शिकवणाऱ्या माणसाला इतर प्राध्यापकांच्या बरोबरीने कायम नोकरी! तिकडे ही गोष्ट नवी होती. पहिल्या वर्षी तर खेळाडू कमी पडले म्हणून तीस वर्षांचे कोच स्वतःच संघातून खेळले.

तिथे त्यांनी ४१ मोसम काढले. आज त्या खेळात जे रोजचं वाटतं त्यातलं पुष्कळ त्यांच्या हातून घडलं किंवा रुळलं: टॅकलचा सराव करायला टांगलेला पुतळा, डाव ठरवायला खेळाडूंनी घोळका करून उभं राहणं, चेंडू सुटण्याआधीच एका खेळाडूने आडवं पळत जाऊन समोरच्यांना चकवणं. १८९४ साली त्यांनी विद्यापीठातल्याच स्टेला रॉबर्टसन यांच्याशी लग्न केलं. स्टेलाबाई पुढे सामन्याला बसून प्रत्येक डावाचे तक्ते काढत आणि प्रतिस्पर्धी संघांचे सामने पाहून टिपणं आणत. आमच्या क्षेत्रात याला डेटा अ‍ॅनालिटिक्स म्हणतात आणि बराच पगार देतात. त्यांना तो मिळत नव्हता, एवढाच फरक.

स्टॅग दारू पीत नसत, सिगारेट ओढत नसत, शिवी देत नसत. फार चिडले की "गाढव" म्हणत. आणखी चिडले की "डबल गाढव". त्यापुढे ट्रिपल. हे वाचलं तेव्हा आपल्या शाळेतला एक विशिष्ट तास माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. नाव घेत नाही, सर समोरच बसले आहेत.

आता १९०५ साल. ३० नोव्हेंबरला शिकागोत मिशिगनशी सामना झाला. मिशिगन त्याआधी सलग ५६ सामने हरलेलं नव्हतं. स्टॅग यांच्या संघाने तो सामना २-० असा जिंकला. पण त्याच मोसमात देशभरात हा खेळ खेळताना १८-१९ तरुण मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्यात लक्ष घालावं लागलं. काही कॉलेजांनी खेळ बंदच केला. मग नियम बदलले आणि १९०६पासून चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे नुसती अंगावर अंग घालून रेटारेटी करायची गरज उरली नाही. स्टॅग नियम समितीवर होते. कित्येक जण म्हणत होते, असा खेळ मरू द्यावा. ते म्हणणं चुकीचं नव्हतं. पण जो खेळ आपणच शिकवला तो मुलांच्या जिवावर उठतोय म्हटल्यावर त्याचे नियम नव्याने लिहायला बसणं, हेही मास्तरांचंच काम.

एक काळी बाजू सांगितली नाही तर शिक्षकांसमोर अर्धंच बोलल्यासारखं होईल. त्या १९०५च्या संघाचा हिरो वॉल्टर एकरसॉल. मैदानावर लोक त्याला डोक्यावर घेत. पण अभ्यासाकडे कुणी बघितलं नाही. खेळायची वर्षं संपली आणि तो पदवी न घेताच विद्यापीठातून बाहेर पडला. पुढे वृत्तपत्रात खेळांवर लिहू लागला, नाव कमावलं, पण विद्यापीठाने त्याला वापरून घेतलं हे झाकता येत नाही. आणि स्टॅग त्यात होते. संघ जिंकावा म्हणून मुलांच्या पुस्तकांकडे काणाडोळा करणारे आणि मुलांनी सिगारेट ओढू नये म्हणून डोळ्यांत तेल घालणारे, असे दोन्ही स्टॅग एकच.

आता मुख्य गोष्ट. १९२४नंतर शिकागोला विजेतेपद मिळालं नाही. शेवटची काही वर्षं तर हरण्याचीच होती. १९२९ साली विद्यापीठाला नवे अध्यक्ष आले, रॉबर्ट हचिन्स. वय वर्षं ३०. त्यांना विद्यापीठ ग्रंथालयात घडतं असं वाटत होतं, मैदानावर नाही. विद्यापीठाचा नियम होता की सत्तरीला निवृत्ती. १९३२ साली स्टॅग सत्तर वर्षांचे झाले. नियम त्यांनाही लागू झाला. ज्या मैदानाला त्यांच्या हयातीतच त्यांचं नाव दिलं होतं त्या मैदानावरून त्यांना उतरावं लागलं. विद्यापीठाने त्यांना मानाची दुसरी जागा देऊ केली. पगार होता, खुर्ची होती, फक्त मुलांना शिकवणं नव्हतं. स्टॅग यांनी ती नाकारली. काम नसलेली नोकरी आपल्याला नको, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हणतात. सत्तरीला तर कुणी विचारतही नाही. हे सत्तरीचे गृहस्थ बायकोला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी गेले. तिथल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिक या छोट्या कॉलेजात १९३३ ते १९४६ असे १४ मोसम कोच राहिले. जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त झालं. तरी १९३८ साली ते पॅसिफिकचा संघ घेऊन शिकागोला आले, त्याच स्टॅग फील्डवर खेळले आणि शिकागोला ३२-० असं हरवलं. पुढच्याच वर्षी, १९३९मध्ये, हचिन्स यांच्या विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. गॅलरी ओस पडली. तीन वर्षांनी तिच्याखाली फर्मी आले. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे.

आणि १९४३ साली देशातल्या फुटबॉल कोचांनी वर्षाचा सर्वोत्तम कोच म्हणून ज्यांची निवड केली ते होते ८१ वर्षांचे स्टॅग.

गोष्ट इथे थांबली असती तर ती "म्हाताऱ्याने करून दाखवलं" अशा थाटाची झाली असती. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९४६नंतर पॅसिफिकमधूनही त्यांना बाजूला व्हावं लागलं. तेव्हा वय ८४. यावेळी ते पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नावाच्या आणखी छोट्या विद्यापीठात गेले. तिथे त्यांचा मुलगा कोच होता. बाप मुलाच्या जोडीने काम करू लागला. ज्या माणसाने या खेळाचे डाव रचले तो आता मुलाच्या संघाचे डाव आखत होता. पुढे स्टॉकटनला परत आले, तेव्हा नव्वदी उलटली होती. तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी आणखी काही वर्षं फक्त एक गोष्ट शिकवली, चेंडूला लाथ कशी मारायची.

क्रम बघा. आधी विद्यापीठाचा प्राध्यापक आणि खेळ विभागाचा प्रमुख. मग छोट्या कॉलेजचा कोच. मग मुलाचा सहकारी. मग कनिष्ठ महाविद्यालयात लाथ मारायला शिकवणारा. करिअरच्या आलेखात ही रेघ सरळ खाली जाते. आमच्या कंपनीच्या एचआरने पाहिली तर लाल रंगाने दाखवेल. पण मुलांपासून मोजायला लागलं, तर रेघ खाली जातच नाही. शेवटच्या वर्षीही समोर एक मुलगा होता आणि त्याला पाय कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

हे मला एवढं का लागलं तेही सांगते, कारण आपण सगळे आता सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे आहोत आणि माझ्यासारखे बरेच जण इथे असतील. माझ्या क्षेत्रात चाळिशी म्हणजे इतर ठिकाणची साठी. गेल्या वर्षी मी जिथे काम करते तिथे फेररचना झाली. माझ्याकडची टीम माझ्याहून बारा वर्षांनी लहान मुलाकडे गेली. मला दोन पर्याय दिले. एक, सल्लागार. मीटिंगला बसायचं, मत द्यायचं, कोडला हात लावायचा नाही. दुसरा, एक जुनी बिलिंगची प्रणाली सांभाळणाऱ्या चार जणांच्या गटात साधी इंजिनिअर. पहिल्यात नाव मोठं होतं. मी दुसरा घेतला. आई म्हणाली, "लोकांना काय सांगायचं?" नवरा काही म्हणाला नाही, पण दोन दिवस चहा त्याने केला, त्यावरून मला कळायचं ते कळलं.

पहिले काही महिने जड गेले. पूर्वी ज्या मीटिंगा मी घ्यायचे त्यांची आमंत्रणं येईनाशी झाली. आमच्या गटाचा प्रमुख मला "मॅम" म्हणावं की नावाने हाक मारावी, या गोंधळात असायचा. मी त्याला म्हटलं, नावाने मार, पण लॉग वाचल्याशिवाय सर्व्हर बंद-चालू करू नकोस. आता गटातली दोन नवीन मुलं रोज अर्धा तास माझ्या शेजारी बसतात. कुठे काय बिघडलं हे त्या नोंदींच्या ढिगातून कसं ओळखायचं ते मी त्यांना शिकवते. मला हे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी असंच शेजारी बसवून शिकवलं होतं. पुढच्या वर्षी ही जागा राहील की नाही, सांगता येत नाही. राहिली नाही, तर याहून लहान जागा शोधावी लागेल. त्याची भीती वाटते. पण आता ती फक्त पगाराची आणि घराच्या हप्त्याची आहे, लोक काय म्हणतील याची नाही.

हचिन्स यांच्यावर मला राग नाही, हेही सांगायला हवं. नियम सगळ्यांना सारखा होता आणि स्टॅग यांचा संघ हरत होता. तरुणांना जागा मिळायलाच हवी. नियम खुर्चीसाठी असतो, तो पाळावा. काम खुर्चीबरोबर संपलं की नाही, हे मात्र नियम सांगू शकत नाही.

सर, बाई, आपल्याकडे शाळेतले शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी "नियत वयोमानानुसार" निवृत्त होतात. नारळ, शाल, श्रीफळावर पाकीट, दोन भाषणं आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेची घंटा आपल्यासाठी वाजत नाही. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो दिवस पाहिला आहे. पण या मेळाव्याच्या तयारीत फोन करत असताना आम्हाला बाकीचंही कळत गेलं. गणिताचे सर घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांना संध्याकाळी अपूर्णांक शिकवतात. मराठीच्या बाई नातवाच्या वर्गातल्या सात मुलांची शुद्धलेखनाची वही तपासतात, लाल पेनानेच. पीटीचे सर गुडघा दुखत असताना क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दिवशी मैदानावर फक्कीच्या रेघा सरळ आहेत ना, हे बघायला येतात. यातल्या कुणी आम्हाला हे आपणहून सांगितलं नाही. विचारल्यावर "वेळ जातो" म्हणाले. आणि ज्यांनी निवांत विश्रांती घेतली त्यांनी ती पुरेपूर कमावलेली आहे. तुम्ही आम्हाला जेवढं सोसलंत त्यावर आणखी काही मागायचा आम्हाला अधिकार नाही.

स्टॅग यांच्या ३१४ विजयांचा विक्रम १९८१ साली दुसऱ्या कोचने मोडला. विक्रम मोडायचेच असतात. पण तिकडे अशा कॉलेजांची एक स्पर्धा असते, जिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, मुलं अभ्यास करून हौसेने खेळतात. त्या स्पर्धेचा अंतिम सामना १९७३पासून स्टॅग यांच्या नावाने होतो. एकरसॉलची गोष्ट आठवली की मला वाटतं, हा मान त्यांना नेमक्या ठिकाणी मिळाला.

वर्गमित्रांना एकच सुचवते. येत्या दहा-बारा वर्षांत आपल्यापैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या खुर्चीवरून उठणार आहेत. कुणी बँकेतून, कुणी जिल्हा परिषदेतून, कुणी स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावरून मुलाला बसवून. पुढच्या मेळाव्यात ओळख करून देताना हुद्दा सांगू नका. सध्या कुणाला काय शिकवताय, तेवढं सांगा. सायकलचं पंक्चर काढायला शिकवत असाल तरी चालेल. मी लॉग वाचायला शिकवते.

ज्यांनी आम्हाला "गाढव" म्हणून पुन्हा एकदा तेच गणित सोडवायला लावलं, त्या सगळ्यांना नमस्कार.